वेरोनाचा अरेना ऑपेरा महोत्सव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपला निघालेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न दर उन्हाळ्यात येतात. बरेचसे तिकीट काढून झाल्यावर येतात, काही तर थेट वेरोनाच्या स्टेशनावरून. एकेक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. दर, वेळा आणि बारीकसारीक नियम हंगामागणिक बदलतात, त्यामुळे तिकिटावर छापलेलं तेच अंतिम धरा.

१. हा महोत्सव नेमका कसला? आणि 'अरेना' म्हणजे नाट्यगृह का?

नाट्यगृह नव्हे. इटलीच्या उत्तरेला वेरोना शहरात, पियात्सा ब्रा या मोठ्या चौकात, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं रोमन प्रेक्षागार उभं आहे. लंबगोल, वर आभाळ, चारी बाजूंनी चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. रोमन काळात इथे ग्लॅडिएटर लढत. आता जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत रात्री ऑपेरा होतात, मधूनच बॅले आणि मोठे वाद्यवृंद. एका रात्री दहा हजारांहून जास्त माणसं सहज बसतात.

इमारत वाल्पोलिचेल्लाच्या डोंगरातल्या गुलाबी-पांढऱ्या चुनखडी दगडाची आहे. बाहेरचं कडं 1117 च्या भूकंपात कोसळलं. त्यातल्या चारच कमानी उरल्या आणि त्या मुख्य इमारतीपासून सुट्या उभ्या दिसतात. त्यांच्या माथ्यावर रोमन आकडे कोरलेले आहेत, 64 ते 67. प्रेक्षकांनी कुठल्या दारातून आत जायचं, ते सांगणारे हे आकडे. तुमच्या तिकिटावरही दाराचा क्रमांक असेलच. व्यवस्था दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.

२. कधीपासून चालू आहे? शंभरावा महोत्सव 2023 ला झाला असं वाचलं, पण सुरुवात तर 1913 ची म्हणतात. हिशेब जुळत नाही.

जुळतो. 10 ऑगस्ट 1913 ला इथे पहिला ऑपेरा झाला, इटालियन संगीतकार वेर्दीचा 'आयडा'. वेर्दीच्या जन्माला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. वेरोनाचाच गायक जोव्हान्नी झेनातेल्लो आणि नाट्यव्यवस्थापक ओत्तोने रोव्हातो यांनी हे धाडस केलं. वाद्यवृंदाची सूत्रं तुल्लिओ सेराफिनकडे होती.

1913 ते 2023 धरले तर उन्हाळे होतात 111. पहिल्या महायुद्धाची 1915 ते 1918 ही चार वर्षं गेली, दुसऱ्याची 1940 ते 1945 ही सहा, आणि कोरोनामुळे 2020 चं एक. त्या वर्षी मैदानाच्या मधोमध मंच मांडून थोडे कार्यक्रम झाले, पण ते गणतीत नाहीत. उरले शंभर.

मधल्या काळातली एक तारीख मात्र ऑपेराप्रेमींना तोंडपाठ असते: 2 ऑगस्ट 1947. विख्यात गायिका मारिया कॅलास इटलीत पहिल्यांदा गायली ती इथेच, 'ला जोकोंदा'मध्ये. आणि संचालन पुन्हा सेराफिनचंच.

३. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच ना? कधी ऐकलेला नाही, झेपेल का?

नातं आहे, फरकही मोठा आहे. आपल्याकडे गद्य संवाद चालू असताना पद येतं. इथे बहुतेक ऑपेरांत संवादही गाऊनच होतात. तबला-पेटीच्या जागी शंभरेक वादकांचा ताफा असतो आणि नटानं मनाजोगता विस्तार करण्याची मुभा नसते, स्वर लिहून दिलेले असतात. रागदारी ऐकणाऱ्याला पहिल्यांदा गायकीचा कंप खटकतो. पाऊण तासात कान सरावतो.

वन्स मोअरची हौस मात्र दोन्हीकडे सारखीच. 'नाबुक्को'मधलं गुलाम ज्यूंचं समूहगान 'व्हा, पेन्सिएरो' संपलं की प्रेक्षक 'बिस, बिस' ओरडतात, आणि अरेनात ते पुन्हा म्हणायचा रिवाजच पडला आहे. बालगंधर्वांच्या पदांना तीन-तीनदा वन्स मोअर मिळाल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही.

तयारी एवढीच करा: कथा आधी वाचून जा. अलीकडे मंचाजवळ इटालियन आणि इंग्रजी ओळी दाखवतात, पण बाजूच्या जागांवरून त्या धड दिसत नाहीत. शिवाय मान तिकडे वळवून बसलात तर समोरचं निसटतं.

४. एकच रात्र हाती आहे. कोणता ऑपेरा निवडू?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, आणि इथे मी भिडस्तपणे उत्तर देणार नाही. 'आयडा' असेल तर 'आयडा'. ती नसेल तर 'नाबुक्को', 'तुरांदोत' किंवा 'कार्मेन', याच क्रमानं.

कारण जागेत आहे. अरेनाचा मंच अवाढव्य आहे आणि त्याच्यामागच्या पायऱ्यासुद्धा नेपथ्यात धरतात. जिथे मिरवणूक, फौज, मंदिर, जमाव आहे तिथे ही जागा फुलते. 'आयडा'च्या दुसऱ्या अंकात इजिप्तचं विजयी सैन्य परततं तेव्हा लांब नळीच्या तुताऱ्या वाजतात, शेकड्यांनी माणसं मंचावर येतात, पायऱ्यांवर मशालधारी उभे राहतात. असं दृश्य बंद नाट्यगृहात मावतच नाही. आणि गंमत अशी की हाच ऑपेरा शेवटी एका तळघरात, दोन माणसांच्या हलक्या आवाजात संपतो. हजारो माणसं त्या वेळी चिडीचूप असतात.

'ला त्राव्हियाता' उत्तम ऑपेरा आहे, पण तिचा जीव एका आजारी बाईच्या खोलीत आहे. तिसाव्या ओळीतून ती खोली दिसते, बाई दिसत नाही. तिची गोडी छोट्या नाट्यगृहात. 'कार्मेन' फ्रेंचमध्ये आहे, चाली कानावरून गेलेल्या असतात, आणि मुलं बरोबर असतील तर मी तिलाच पुढे काढेन.

दिग्दर्शकाचं नावही बघा. फ्रांको झेफिरेल्लीनं इथे उभी केलेली जुनी नेपथ्यं (1995 ची 'कार्मेन', 2010 ची 'तुरांदोत') गच्च भरलेली, खऱ्या घोड्यांसकट. त्याचा शेवटचा 'ला त्राव्हियाता' 21 जून 2019 ला रंगला. त्याच्या सहाच दिवस आधी तो वारला होता. 2023 चा स्तेफानो पोदाचा 'आयडा' अगदी वेगळा: काच, प्रकाशझोत, चंदेरी वेश. काहींना भावतो, काहींना पिरॅमिड नसल्याचा राग येतो.

५. रोज तोच प्रयोग असतो का?

नाही, आलटूनपालटून असतात. आज 'कार्मेन', उद्या 'आयडा', परवा आणखी काही. म्हणून तारीख आधी ठरवून मग ऑपेरा शोधू नका, उलट करा.

या अदलाबदलीचा एक फुकटचा तमाशा चौकात बघायला मिळतो. ज्या ऑपेराची त्या रात्री पाळी नसते त्याचं नेपथ्य अरेनाबाहेर उघड्यावर ठेवलेलं असतं. सकाळी कॉफी प्यायला बसावं तर शेजारी स्फिंक्सचं भलंमोठं डोकं, पलीकडे सोनेरी खांब आडवे, आणि क्रेन त्यातलं काहीतरी अलगद उचलून भिंतीपलीकडे सोडते आहे. जवळ गेलात तर सोनेरी खांबाच्या कडेला उघडी पडलेली फळी आणि तिच्यावर रंगानं घातलेला क्रमांकही दिसतो.

६. तिकीट कुठलं काढावं? दरांत दहापट फरक का?

खाली मैदानात मांडलेल्या खुर्च्या सर्वांत महाग. पुढच्या रांगांचे दर 300 युरोंच्या पुढे जातात. त्यानंतर पायऱ्यांवर बसवलेल्या क्रमांकित जागा. सर्वांत स्वस्त म्हणजे वरच्या नुसत्या दगडी पायऱ्या, साधारण तिशीच्या युरोंपासून.

माझं मत: गुडघे आणि पाठ धड असतील तर पायऱ्याच घ्या. आवाज वर चढत येतो, मंच पूर्ण दिसतो, आणि खालच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना न दिसणारी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे अख्खं अरेना. मात्र मंचाच्या अगदी बाजूला येणाऱ्या जागा स्वस्त असल्या तरी टाळा. अर्धं नेपथ्य पाठमोरं दिसतं.

तिकिटावर जागेचा क्रमांक नसेल तर आधी येईल तो आधी बसेल. अशा वेळी दार उघडायच्या बऱ्याच आधी रांगेत उभं राहावं लागतं. क्रमांक असेल तर अर्धा तास आधी पोचलात तरी पुरे.

७. पायऱ्यांवर बसायला काय काय न्यावं?

उशी. ती विसरलात तर भाड्यानं मिळते, पण घ्याच. दिवसभर तापलेला दगड रात्री नऊलाही गरम असतो, आणि पाठ टेकायला काही नसतं. मध्यरात्रीनंतर हवा बदलते, तेव्हा पातळ शाल उपयोगी पडते.

काचेच्या बाटल्या आणि टिनचे डबे आत नेऊ देत नाहीत. मोठ्या पिशव्या, सामानाच्या बॅगा अडवतात. स्टेशनवरून थेट बॅग घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. छत्रीऐवजी प्लास्टिकचा रेनकोट घ्या, छत्री उघडलीत तर मागचे वीस जण खवळतील. खाऊ चालेल, पण चिवड्याची पिशवी फोडायची ती मध्यंतरात. का, ते पुढच्या उत्तरात.

८. इतक्या मोठ्या उघड्या जागेत माइकशिवाय ऐकू येतं?

येतं. ऑपेराच्या रात्री गायक परंपरेनं आपल्या घशाच्या जोरावर गातात. चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटोळ्या कडेमुळे आवाज सांभाळला जातो. तरी सभागृहातल्या ध्वनिव्यवस्थेसारखा आवाज अंगावर येणार नाही. पहिली दहा मिनिटं 'अरे, हळू आहे' असं वाटतं, मग आपलाच कान पुढे सरसावतो. म्हणून शेजारच्याची कुजबूज आणि वेष्टनाची कुरकुर इथे जास्त बोचते.

ज्यांना फक्त गाणं ऐकायचं आहे, देखाव्याशी घेणंदेणं नाही, त्यांनी हिवाळ्यात वेरोनाच्याच तेआत्रो फिलार्मोनिकोत जावं. 1732 मध्ये विवाल्दीच्या ऑपेरानं उघडलेलं हे नाट्यगृह 1945 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि 1975 ला पुन्हा सुरू झालं. गायन-वादनाची संस्था तीच, जागा लहान.

९. किती वाजता सुरू, किती वाजता सुटतं? शेवटची गाडी मिळेल?

अंधार पडल्यावर, म्हणजे ढोबळमानानं नऊ ते साडेनऊला. जूनमध्ये सूर्य उशिरा मावळतो म्हणून वेळ उशिराची, ऑगस्ट सरता सरता थोडी अलीकडे येते. सुरू होण्याआधी पात्राचा पोशाख घातलेली एक बाई मंचावर येऊन घंटेचा टोल देते. असे तीन टोल होतात. तिसऱ्यानंतर आलात तर पहिल्या मध्यंतरापर्यंत बाहेर ताटकळावं लागेल.

'आयडा' मध्यंतरं धरून साडेतीन तासांच्या घरात जातो, म्हणजे सुटायला साडेबारा-एक. मिलान किंवा व्हेनिसहून जलद गाडीनं वेरोना सव्वा तासावर आहे, त्यामुळे अनेकांना रात्रीच परतू असं वाटतं. परतता येत नाही. मुक्काम वेरोनातच ठेवा. पोर्ता नुओव्हा स्टेशन ते पियात्सा ब्रा सरळ रस्त्यानं वीस मिनिटांची चाल आहे, त्यामुळे स्टेशनाजवळचं हॉटेलही चालतं. गार्डा तळ्याकाठी उतरला असाल तर तिथल्या हॉटेलांत ऑपेराच्या रात्रीच्या जाऊन-येऊन बसबद्दल विचारा.

१०. आम्ही ट्रॅव्हल कंपनीबरोबर येतोय. टूरमध्येच जमवता येईल?

बहुधा नाही. ग्रुप टूरची बस वेरोनात दुपारी दोन-तीन तास थांबते: ज्युलिएटची बाल्कनी, आइस्क्रीम, अरेनाचा बाहेरून फोटो, आणि पुढे. रात्री एकला सुटणारा कार्यक्रम आणि सकाळी सातला हलणारी बस यांचं जमत नाही. टूर संपल्यावर दोन दिवस जास्त राहणं हाच मार्ग. व्हिसाचे दिवस आणि परतीचं विमान मात्र त्याप्रमाणे आधीच मागून घ्या.

(बाल्कनीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: ती विसाव्या शतकात त्या घराला जोडली. घर जुनं आहे, बाल्कनी नाही.)

११. आधी व्हिसा की आधी तिकीट?

चांगल्या जागा महिनोन्‌महिने आधी जातात, आणि शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. व्हिसा नाकारला म्हणून तिकिटाचे पैसे परत मिळतील असं धरू नका. म्हणून मधला रस्ता असा: पायऱ्यांचं स्वस्त तिकीट आधी काढून ठेवा, महाग खुर्च्या हव्याच असतील तर व्हिसा हातात आल्यावर बघा. आठवड्याच्या मधल्या रात्री तुलनेनं मोकळ्या असतात. शनिवारचा 'आयडा' मात्र थांबत नाही.

१२. कपडे कसे? साडी चालेल?

उत्तम चालेल. खालच्या महागड्या खुर्च्यांवर लोक नटूनथटून येतात, आणि तिथे हाफ पँट, बिनबाह्यांचा गंजीवजा टी-शर्ट चालवून घेत नाहीत. पायऱ्यांवर कुणी बघत नाही. तरी दगडी जिने उंच आणि जागोजागी झिजलेले आहेत. साडी नेसा, चप्पल मात्र सपाट.

१३. आईबाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना नेऊ का?

न्या, पण पायऱ्यांवर नको. चढ उंच, कठडे सगळीकडे नाहीत, अंधारात उतरणं अवघड, आणि साडेतीन तास पाठीला आधार नाही. खालच्या खुर्च्यांमधल्या मागच्या रांगा घ्या. चाकाच्या खुर्चीसाठी वेगळ्या जागा असतात, त्या तिकीट काढतानाच मागाव्या लागतात.

त्यांना मध्यंतरात निघायचं असेल तर खुशाल निघू द्या. 'आयडा'ची मिरवणूक तोवर बघून झालेली असते.

१४. लहान मुलं?

अगदी लहानग्यांना प्रवेश नाही. वयाची अट तिकीट काढताना वाचा. सात-आठ वर्षांचं मूल 'कार्मेन'मध्ये रमतं, पण दुपारी झोपवून आणा.

१५. शाकाहारी आहोत. काय खायचं, काय टाळायचं?

वेरोनाची खासियत असलेला 'पास्तिसादा दे कावाल' म्हणजे घोड्याच्या मांसाचा रस्सा. मेन्यूत 'कावाल्लो' दिसलं की पुढे सरका. अमारोने वाइनमधला जांभळट रिसोत्तो (मऊ शिजवलेला भात) शाकाहारी दिसतो, पण तो पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'ब्रोदो दी कार्ने?' असं विचारायला लाजू नका. जवळच्या वालेज्जो गावचे तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, बहुधा मांसाचे असतात. भोपळ्याचे, चीज-पालकाचे शोधा. पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, मश्रूमबरोबर छान लागतं. कडक पाळणाऱ्यांसाठी आणखी एक: पार्मिजानो चीज बनवताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. जैन मंडळींनी हे आधीच सांगावं.

जेवण प्रयोगाआधी उरका, पण साडेसहाला स्वयंपाकघर उघडलेलं असेलच असं नाही. उलट प्रयोगानंतर चौकातली हॉटेलं रात्री उशिरापर्यंत चालू असतात, आणि तेव्हा शेजारच्या टेबलावर मेकअप अर्धवट पुसलेले कोरसवालेही दिसू शकतात.

१६. पाऊस आला तर?

उन्हाळ्यात आल्प्सच्या बाजूनं वादळ अचानक येतं, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. नियमाचा गाभा असा: प्रयोग सुरूच झाला नाही आणि रद्द ठरला, तर पैसे परत मिळतात. एकदा सुरू झाला आणि नंतर पावसानं थांबला, तर मिळत नाहीत. मग तो दहा मिनिटंच झालेला का असेना.

सुरुवातीलाच पाऊस असेल तर आयोजक लगेच रद्द करत नाहीत, दोन-अडीच तासही वाट बघायला लावतात. चार थेंब पडले की वादक आधी पळतात, कारण व्हायोलिनच्या लाकडाला ओल सोसत नाही. ते गेले म्हणून तुम्ही उठू नका. तास-दीड तासानं पुसून-बिसून कार्यक्रम जिथे थांबला तिथून सुरू झाल्याच्या रात्री कितीतरी आहेत. रद्द झाल्याची घोषणा कानावर येईपर्यंत रेनकोट घालून कमानींखाली थांबा, आणि तिकीट फेकू नका.

१७. प्रेक्षक मेणबत्त्या लावतात असं ऐकलं, खरं का?

जुनी प्रथा आहे. विजेचे दिवे नव्हते त्या काळी हातातल्या पुस्तिकेतले शब्द वाचायला लोक छोट्या मेणबत्त्या लावत, आणि पुढे ती सुरुवातीची खूणच झाली. आता दर रात्री दिसतीलच असं नाही. मोबाइलचा दिवा मात्र कृपा करून लावू नका. प्रयोग चालू असताना चित्रीकरणालाही मनाई आहे.

१८. ऑपेरा नकोच असेल तर वेरोनात दुसरं काही आहे?

आहे. नदीपलीकडे टेकडीच्या पोटाशी तेआत्रो रोमानो हे रोमन नाट्यगृह आहे. अरेनाहून जुनं, खूपच लहान. तिथे 1948 पासून उन्हाळी नाट्यमहोत्सव भरतो आणि शेक्सपिअर त्याचा कणा आहे. नाटकं इटालियनमध्ये असतात; पण कथा आपल्याला ठाऊक असते आणि मंचामागे आदिजे नदी व तिच्यापलीकडचं शहर दिसत राहतं. नृत्याची आवड असेल तर अरेनाच्या कार्यक्रमपत्रिकेत जुलैमध्ये नर्तक रोबेर्तो बोल्लेची रात्र असते का ते बघा. तिची तिकिटं लवकर संपतात.

१९. एका गायिकेचं नाव बघून तिकीट काढलं, आणि आता तिच्या जागी दुसरीच आहे. पैसे मागता येतील?

नाही. संचात बदल करण्याचा हक्क आयोजकांकडे असतो, आणि पावसासारखी (प्रश्न १६) याला परताव्याची सोय नाही. शिवाय हंगामभरात एकाच भूमिकेला चार-पाच जणी आलटून असतात, त्यामुळे जाहिरातीवरचं नाव तुमच्या रात्रीचं नसेलही. तिकीट काढण्याआधी नेमक्या तारखेसमोरचा संच उघडून बघा. नावासाठीच जाणार असाल तर शक्यतो हंगामाच्या पहिल्या काही रात्री धरा. मोठी नावं बहुतेक तेव्हाच असतात, आणि दरही त्या मानानं चढे.